तंबोऱ्याची थरथर

आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की आमच्या कळंबच्या घरात गाणे ऐकणे जवळजवळ अशक्य होते. ध्वनियंत्रांचे शौकीन आपल्या यंत्राची 'पार्श्वभूमी' किती काळीभोर आहे, म्हणजे दोन स्वरांमध्ये किती निखळ शांतता मिळते, याविषयी मोठ्या आस्थेने लिहितात. तसे काही वाचताना मला आमच्या पडवीवरचा पत्रा आठवतो, मागच्या ओहोळातले बेडूक आठवतात आणि कर्जत-मुरबाड रस्त्यावरून अपरात्री जाणारी अवजड वाहने आठवतात. आमच्या पार्श्वभूमीचा रंग कोणताही असो, काळा तो नव्हे.

गेल्या वर्षी अशाच एका ओल्या संध्याकाळी आमच्या सीडी-प्लेअरने मान टाकली. तबकडी फिरत होती, पण आतला लेझर तिला वाचीना. नेरळच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले, फुंकर मारली, आणि हा सुटा भाग आता मिळत नाही असे सांगून झाकण पुन्हा लावून दिले. घरात तीनशेच्या आसपास तबकड्या. त्यांतल्या निम्म्या मी एम.ए.ला असताना आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या. ते दुकान २९ फेब्रुवारी २०१६ रोजी कायमचे बंद झाले. काहींच्या वेष्टनांवर अजूनही त्याची किमतीची चिठ्ठी आहे आणि ती काढण्याचे धाडस मला झालेले नाही.

या संग्रहाचा खरा मालक मी नव्हे, अण्णा. माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक, आणि गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटीची साथ करणारे. शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम त्यांना मिळाली नाही. जे मिळाले ते रेडिओवरून आणि पुढे या तबकड्यांवरून. वय अठ्ठ्याहत्तर. अलीकडे त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. आम्ही भाषेची माणसे. मला हे व्यंजनांवरून कळले. प्रथम ऊष्म व्यंजने गेली. 'सात' म्हटले तर 'हात' ऐकू येई. स्वर शाबूत, पण 'स', 'श', 'फ' ही वाऱ्यासारखी व्यंजने नाहीशी. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी जातात हे नंतर वाचले. श्रावणात त्यांना डिजिटल श्रवणयंत्र बसवले आणि भाद्रपदात, गणपतीच्या तोंडावर, मी बंद पडलेल्या प्लेअरच्या जागी एक डॅक विकत घेतला. घरात दोन यंत्रे अशी पाठोपाठ आली. पुढे जो घोळ झाला त्याचे मूळ या पाठोपाठ येण्यात आहे.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. आपल्या परिभाषाकोशांच्या वळणाने त्याला 'अंक-सदृश परिवर्तक' म्हणता येईल, पण तसे म्हटल्यावर ते विकत कोण घेईल? तबकडीवर नाद नसतो, अंक असतात. दर सेकंदाला, प्रत्येक बाजूसाठी, ध्वनिलहरीची उंची ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवलेली असते. सेकंदाला १४ लाखांहून अधिक द्विमान अंक. ही पोथी झाली. पोथी स्वतः बोलत नाही. तिला वाचणारा लागतो. डॅक हा तो वाचणारा. प्रत्येक सीडी-प्लेअरच्या, मोबाइलच्या, संगणकाच्या पोटात एक डॅक असतोच. शौकीन मंडळी तो वेगळा, स्वतंत्र डब्यातला विकत घेतात, इतकेच.

४४,१०० हा आकडा इतका विचित्र का, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. सुरुवातीच्या काळात हे अंक साठवायला व्हिडिओ टेप वापरीत. टेपवरच्या चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन मोजण्या, प्रत्येक क्षेत्रात अशा उपयोगी रेषा २४५, आणि सेकंदाला ६० क्षेत्रे. गुणाकार केला की ४४,१००. युरोपातल्या टेपवर रेषा २९४ आणि क्षेत्रे ५०, गुणाकार तोच. म्हणजे कुमार गंधर्वांचा षड्ज आपल्यापर्यंत ज्या मापाने आला ते माप टीव्हीच्या पडद्याच्या रेषांवरून ठरले. वृत्ताच्या मात्रा पाटीच्या रुंदीवरून ठरवाव्यात तसा हा प्रकार. पायऱ्यांबाबतही फिलिप्सचे अभियंते १४ बिटांवर समाधानी होते, सोनीने १६ चा आग्रह धरला, आणि १९८२ साली जपानमध्ये सीडी बाजारात आली ती १६ बिटांची. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमधला डॅक मात्र १४ बिटांचाच होता, आणि चौपट वेगाने मोजण्या वाढवण्याच्या युक्तीने त्यांनी ती उणीव भरून काढली होती.

येथे एका समजुतीविषयी लिहायला हवे, कारण ती माझीही होती. अंकांपासून परत तयार झालेली लहर जिन्यासारखी, पायऱ्यापायऱ्यांची असते आणि महागडा डॅक तो जिना गुळगुळीत करतो, असे आपल्याला वाटते. जाहिरातींतली चित्रेही तशीच असतात. वस्तुतः क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धतेनुसार, मूळ ध्वनीत मोजणीवेगाच्या निम्म्यापेक्षा वरची कंप्रता नसेल, तर त्या ठिपक्यांतून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते. ठिपक्यांच्या मधली जागा अंदाजाने भरायची नसते; तिथून जाऊ शकणारी लहर एकच असते. निम्मा वेग म्हणजे २२,०५० हर्ट्‌झ. तरुण, निरोगी कान २०,००० पर्यंत ऐकतो. माझा चाळिशी ओलांडलेला कान किती ऐकतो ते पुढे येईलच.

(ज्यांना पोथी आणि वाचक ही फोड नकोशी वाटते त्यांच्यासाठी एक दाखला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडी डिजिटल नाही, खाचांची आहे. सोबत सुई दिली आहे आणि ती कशी लावायची याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. परग्रहावरच्या रसिकाला डॅक निवडावा लागणार नाही. दुसरे व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या.)

डॅकची निवड करायला बसलो आणि एका अनोळखी समीक्षा-परंपरेत जाऊन पडलो. काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत किमती. कोणी इएस‌एसच्या चिपचे भक्त, कोणी जपानी एकेएमचे. कोणाला चिप हीच अशुद्ध वाटते आणि ते रोधांच्या शिडीवर, म्हणजे आर-टू-आर रचनेवर, श्रद्धा ठेवून असतात. ब्रिटनमधल्या कॉर्ड आणि डीसीएस या कंपन्या तयार चिप न वापरता स्वतःची गणिते लिहितात. त्यांची यंत्रे पाहून माझ्या वार्षिक वेतनाला न्यूनगंड आला. या सर्वांविषयीचे लेखन मी महिनाभर वाचले. 'मधाळ', 'पारदर्शक', 'संयत', 'किंचित कोरडा पण प्रामाणिक' — विशेषणांची ही रांग मला ओळखीची वाटली. उत्तरपत्रिकांत मी दरवर्षी वाचतो ती हीच: 'प्रत्ययकारी', 'सकस', 'तरल', 'हृद्य'. विद्यार्थ्याने कविता वाचलेली नसली तरी ती तरल असतेच. फरक इतकाच की आमच्याकडे विशेषण चुकले तर दोन गुण जातात.

तरीही मी या वाचकांना हसणार नाही. शब्दांनी नाद पकडू पाहणे हा मराठीतही जुना, प्रतिष्ठित उद्योग आहे. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस होते आणि घराण्यांच्या गायकीचा हिशेब त्यांनी ज्या काटेकोरपणे मांडला तो आम्हा साहित्याच्या लोकांनी शिकावा असा आहे. डॅकच्या समीक्षेत मला तो काटेकोरपणा शोधूनही क्वचितच सापडला.

शेवटी एका चिनी कंपनीचा, पानसुपारीच्या डब्याएवढा, नऊ हजारांचा डॅक घेतला. तबकड्या संगणकावर उतरवल्या. त्यातही गंमत अशी की ओरखडे पडलेल्या तबकड्यासुद्धा बहुतेक वेळा बिनचूक उतरल्या. सीडीच्या अंकलेखनात चुका सुधारण्याची अशी योजना आहे की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग पुसला गेला तरी तो आजूबाजूच्या अंकांवरून पूर्ण परत मिळतो. आपल्या हस्तलिखितांच्या नशिबी हे नव्हते. वाळवीने खाल्ले ते गेले.

गाणे लावले आणि त्याच्याखाली सलग 'हूं' असा आवाज. दोन दिवस मी डॅकला दोष दिला. मग लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा आवाज गेला. आमच्या घराला नावापुरतेच अर्थिंग होते आणि विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण चार्जर, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर असा फेरफटका मारीत होती. गावातल्या वायरमनने परसात खड्डा खणला, त्यात पट्टी उभी करून कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर पाणी ओतले. एकूण खर्च डॅकच्या एक तृतीयांशाहून कमी. माझ्या सर्व खटाटोपात ऐकण्यात निःसंशय फरक पाडणारी अशी ही पहिली खरेदी.

विजेचे आमच्या तालुक्याशी नाते विचित्र आहे. भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ सालचे. घाटावरचे पाणी खाली पडते ते आमच्याकडे, आणि त्याची वीज मुंबईला जाऊ लागली तेव्हा इथल्या वाड्यापाड्यांत कंदील होते. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी प्राण दिले. त्या मनोऱ्यांचे वंशज आजही भातखाचरांतून उभे आहेत. पावसात त्यांच्या तारांखाली उभे राहिले तर त्यांचा चरचर आवाज येतो. तो कोणत्या स्वरात आहे हे अण्णांनी मला लहानपणी पेटीवर लावून दाखवले होते. असो.

अर्थिंग झाले. गणपती झाले. एका रात्री पाऊस उघडला, बेडकांनीही मेहरबानी केली, आणि मी अण्णांना बोलावून कुमार गंधर्व लावले. तंबोऱ्यांची जुळवणी किती नेमकी असू शकते हे ज्यांच्याकडून ऐकावे असे ते गायक. सुरुवातीला मिनिटभर नुसते तंबोरे. अण्णांनी श्रवणयंत्र नीट बसवले, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"तंबोरा थरथरतोय रे," ते म्हणाले.

"नाही अण्णा. स्थिर आहे."

"थरथरतोय. मागून शिट्टीसारखं काही येतंय. जुन्या मशीनवर असं नव्हतं."

मी जे बोललो ते लिहायला नको वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "आता तुमच्या कानांचं काय सांगावं." ते काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी झोप येते म्हणून उठून गेले.

रात्री मला झोप लागली नाही. कान गेला तरी ज्याने आयुष्यभर सूर जुळवला त्याला सूर हलल्याचे कळणार नाही का? त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य असणार असे मनाने घेतले. मग शोध सुरू झाला आणि मला शब्द सापडला, 'जिटर'. अंक बरोबर असले तरी ते ज्या क्षणी वाचायचे तो क्षण डळमळीत असेल, वाचणाऱ्याची लय हलत असेल, तर लहर बिघडते. महागड्या यंत्रांत म्हणे यासाठी घड्याळ वेगळे, वीजपुरवठा वेगळा, सर्व काही वेगळे. लय हलते म्हणून सूर थरथरतो; कारण आणि कार्य इतके नीट जुळले की मला शंका घ्यावीशी वाटली नाही. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता जमा झालेला होता. वडिलांना बोललेल्या एका वाक्याची भरपाई करण्याचा मार्ग सव्वादोन लाखांच्या डब्यातून जातो असे मी स्वतःला पटवून दिले.

तंबोऱ्याचे प्रकरण साधे नाही, हेही माझ्या बाजूचे वाटत होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद पडतो ते उपस्वर उमटू नयेत, हा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा तो मोडतो. घोडीचा पसरट, किंचित कलता पृष्ठभाग आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला जव्हारीचा दोरा यांमुळे जे उपस्वर नसायला हवेत तेही निनादतात, आणि तार छेडल्यानंतर ते जणू एकामागून एक उमलत जातात. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जे कानशीने घासून साधत आले ते रामन यांना प्रयोगशाळेत दिसले. असा गुंतागुंतीचा नाद नऊ हजारांच्या डबीला कसा पेलावा?

दिवाळीच्या सुटीत मुंबईत एका दुकानात गेलो. कोणते ते सांगत नाही. वातानुकूलित खोली, भिंतींना फोमचे चौकोन, कोपऱ्यात पितळी समई. दुकानदार सौजन्याने वागला. त्याने प्रथम एका परदेशी गायिकेची तबकडी लावली. या खोल्यांतून नेहमी त्याच गायिका गातात. मी पिशवीतून मल्लिकार्जुन मन्सूर काढले. नऊ हजारांच्या डॅकवर अण्णा मन्सूर (धारवाडकडे तेही अण्णाच) चांगले गायले. सव्वादोन लाखांच्या डॅकवर ते समोर येऊन बसले. माझ्या अंगावर काटा आला हे मी नाकारणार नाही. अनामत ठेवून चार दिवसांच्या बोलीवर मी तो डबा कळंबला आणला. नेरळच्या शेअर रिक्षात मांडीवर माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी नव्हे, पण लाज वाटेल इतकी रक्कम होती.

भौतिकशास्त्राचे आमचे एक सहकारी त्या संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती दोन्ही डॅकचा आवाज मोजण्याची. ६० हर्ट्‌झचा सूर लावून. साधा मल्टिमीटर त्याच परिसरात खरे बोलतो म्हणाले. लहान डॅक दोन व्होल्ट देत होता, मोठा अडीच. म्हणजे मोठा जवळजवळ दोन डेसिबलने मोठ्याने बोलत होता. "सर, एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो," ते म्हणाले. दुकानातला काटा दोन डेसिबलचा होता तर. दोन्हींचा आवाज समान केला, डॅक कपड्याखाली झाकले, नाणे उडवून ते एक लावत आणि मी ओळखायचे. १६ पैकी किमान १२ बरोबर आले तर काही ऐकू येते असे मानायचे. माझे ९ आले. नाण्यालाच विचारले असते तर ८ आले असते.

मग त्यांनी नुसते सूर लावून माझा कान तपासला. १४,००० हर्ट्‌झच्या वर मला शांतता होती. प्रथम वर्षाची मुले १७,००० ऐकतात, ते म्हणाले, आणि ती मोबाइलच्या स्पीकरवर गाणी ऐकतात. २००७ साली बॉस्टनच्या मेयर आणि मोरन या दोघांनी प्रसिद्ध केलेला प्रयोगही त्यांनीच सांगितला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत मध्येच सीडीच्या मापाचा अडथळा घातला तर तो ओळखू येतो का? ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर. निम्म्याला दोन कमी-जास्त म्हणावे तर तेही एकच कमी.

मी हिरमुसलो. तेव्हा त्यांनी विचारले, फरक पडतो असे तुमच्याकडे काहीच नाही का? होते. एकाच मैफलीच्या माझ्याकडे दोन तबकड्या आहेत, एक पहिल्या आवृत्तीची आणि एक 'रीमास्टर' केलेली. त्या लावल्या. १६ पैकी १६. दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकाने खरखर काढण्याच्या भरात तंबोरा पुसट केला होता, आणि सर्व आवाज एका उंचीला आणून ठेवले होते. कुजबुज आणि हाक सारखीच. पाठचिकित्सेच्या तासाला मी मुलांना जे सांगतो तेच इथे निघाले. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती लेखकांच्या हातांनी शिरलेले अबद्ध काढून. पण शुद्ध करणारा प्रत्येक हात एकनाथांचा नसतो. जो पाठ फार गुळगुळीत, सोपा वाटतो त्याच्याकडे आधी संशयाने पाहावे. वाचणारा कोण यापेक्षा पोथी कोणती याला अधिक महत्त्व आहे, हे मराठीचा प्राध्यापक असून मला भौतिकशास्त्राकडून कळावे!

हे सर्व होत असताना अण्णा खाटेवर बसून होते. सहकाऱ्यांनी मोठा डॅक लावून पुन्हा कुमारजींचे तंबोरे लावले.

"अण्णा, आता?"

"थरथरतो. दोन्हींवर थरथरतो," अण्णा म्हणाले. आणि मग जरा थांबून, मला नव्हे तर त्यांना उद्देशून, "पेटीसुद्धा हल्ली थरथरते. भात्यावरचा हात हलतो आता माझा. म्हणून बंद केली."

गणपतीनंतर त्यांनी पेटी उघडली नव्हती. पावसाची हवा आहे, सूर बसतात, असे त्यांनी घरी सांगितले होते आणि मी ते मानले होते. कार्तिकी एकादशीच्या भजनाला मंडळाने दुसरा पेटीवाला आणला होता.

सहकारी क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "अण्णा, कानातलं यंत्र काढा बरं. मी आवाज वाढवतो."

यंत्र काढले. आवाज इतका वाढवला की शेजारचा कुत्रा भुंकला. अण्णा पुढे झुकून ऐकत राहिले. तंबोरे दोन-तीन वेळा फिरले.

"आता नाही," ते म्हणाले.

घरातला सर्वांत महत्त्वाचा डॅक त्यांच्या कानात होता आणि त्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. डिजिटल श्रवणयंत्र बाहेरचा नाद अंकांत बदलते, अंकांवर हवे ते संस्कार करते आणि परत त्याचा नाद करून कानात सोडते. या संस्कारांतला एक असा: यंत्राचा आवाज कानातून निसटून त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती मारण्यासाठी यंत्र सतत लांबलेल्या, एकाच उंचीच्या सुराच्या शोधात असते, आणि तसा सूर सापडला की त्याच्या उलट सूर तयार करून त्याला छेद देते. बोलण्यात असे लांब सूर फारसे नसतात. तंबोरा म्हणजे दुसरे काही नसतेच. पेटीचेही तेच. बिचारे यंत्र तंबोऱ्याला शिट्टी समजून मारायला जाई, तंबोरा मरत नसे, आणि त्या झटापटीत थरथर आणि नसलेली शिट्टी असे दोन्ही जन्माला येत. जिटरने अशी थरथर होत नाही हेही सहकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. एवढी लय ढिली पडायला टेप लागते. डॅकच्या घड्याळाची चूक अब्जांश सेकंदात मोजतात.

मोठा डॅक दुसऱ्याच दिवशी परत केला. दुकानदाराने कारण विचारले तेव्हा मी वडिलांची तब्येत असे सांगितले.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी आमचे ऐकून घेतले आणि प्रथम म्हणाल्या की गाण्याविषयी तुम्ही काही सांगितलेच नव्हते. ते खरे होते. यंत्र बसवताना आम्ही जी यादी दिली तीत फोन, टीव्ही, नातवंडे होती. त्यांनी संगणकाला जोडून यंत्रात एक वेगळा कप्पा करून दिला: शिट्टी मारणे बंद, गोंगाट दाबणे बंद, मोठे आणि लहान आवाज एका पातळीवर आणण्याची ओढ सौम्य. कानामागे बटण दाबले की टिंग-टिंग असे दोनदा वाजते आणि तो कप्पा सुरू होतो. वरचे स्वर त्याने परत येत नाहीत. यंत्राचा पल्लाच मुळात आठ-दहा हजार हर्ट्‌झला संपतो, आणि अण्णांचा आलेख त्याच्या कितीतरी आधी खाली उतरतो. तंबोऱ्याची वरची झळाळी त्यांना आता ऐकू येत नाही, येणार नाही. त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, ती मला पाठ आहे.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी पेटी खाली घेतली. दुहेरी सुरांची, जुनी पेटी; झाकणावर बुरशीचा पांढुरका थर आला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, बटण दोनदा वाजेपर्यंत दाबले आणि भाता धरून प्रत्येक पट्टी एकेक करून लांब दाबली. मी दारात उभा होतो. मंद्रातून मध्यात आले. सूर सरळ येत होते, हात स्थिर होता. मध्य सप्तकातल्या कोमल निषादावर ते थांबले, परत दाबला, मान कलती करून तिसऱ्यांदा दाबला.

"हा मात्र खरंच थरथरतोय," ते म्हणाले, आणि मला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितला.